टप्प्यांच्या मधलं बालपण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पालकत्वावर येणारे लेख मी नेमाने वाचते. आवडलेल्यांची कात्रणं काढते आणि आमच्या पाळणाघरात मुलं ठेवणाऱ्या आईवडिलांना वाचायला देते. बहुतेक लेख मुलाला पुढे काय काय यायला हवं, याविषयी असतात. कितव्या महिन्यात बसायला हवं, कधी बोलायला हवं, शाळेत घालण्याआधी कोणत्या सवयी लागायला हव्यात. हे सगळं सांगायला हवंच. पण मूल या आठवड्यात जसं आहे तसं त्याच्याकडे जरा बघत बसावं, असं सांगणारं मात्र फारसं वाचायला मिळत नाही. त्याविषयी चार शब्द लिहावेत असं बरेच दिवस मनात होतं. पत्र लांबलं आहे, समजून घ्यावं.

मी राहत्या घरात पाळणाघर चालवते. सुरुवातीला माझ्याकडे असलेली मुलं आता नोकरीधंद्याला लागली आहेत. माझ्याकडची सगळ्यात लहान बाळं सहा महिन्यांची असतात आणि मोठी मुलं शाळा सुटल्यावर येतात. सकाळी मुलाला सोडताना आईवडील घाईत असतात आणि संध्याकाळी न्यायला येतात तेव्हा दमलेले. त्या दोन वेळांना दारात उभ्याउभ्या जे बोलणं होतं, त्यावरून घरातलं बरंचसं कळतं. वर्षानुवर्षं मी दारात एकच बोलणं ऐकते आहे. "मावशी, एकदा बसू दे, म्हणजे दोन मिनिटं खाली ठेवता येईल. एकदा चालू दे. एकदा बोलू दे. एकदा शी-शू सांगायला लागू दे. एकदाचं शाळेत जाऊ दे."

असं म्हणणाऱ्या आईला मी दोष देत नाही. हात भरून आलेले असतात, रात्रीची झोप झालेली नसते. पण इतक्या मुलांना वाढताना पाहून मी खात्रीने सांगते, पुढच्या टप्प्यावर कुणाला आराम मिळालेला मी पाहिलेला नाही. तिथे दुसरी कामं वाट बघत असतात. बसायला लागलेलं बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं. चालायला लागलेल्याच्या मागे तर दिवसभर धावावं लागतं. आणि या वाट बघण्यात हातातला टप्पा निघून जातो.

तो जातोही फार भरभर. जन्माच्या वेळचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट होतं, वर्षाचं होईपर्यंत तिप्पट. पहिल्या वर्षात बाळ जवळपास २५ सेंटीमीटरनी लांब होतं. इतक्या वेगाने माणूस पुन्हा कधी वाढत नाही, वयात येतानाही नाही. गेल्या महिन्यात सैल होणारं झबलं या महिन्यात डोक्यातून खाली येत नाही. टाळूचंच बघा ना. तान्ह्या बाळाच्या टाळूवर हलकेच बोटं ठेवली तर मऊ लागते, ठोक्याबरोबर उडताना नुसत्या डोळ्यांनीही दिसते. वर्ष-दीड वर्षात ती भरून येते. कधी भरली ते कुणालाही विचारा, रोज त्या डोक्यावरून हात फिरवणारा माणूससुद्धा सांगू शकणार नाही.

आता टप्प्यांविषयी. मुलाची वाढ ठीक चालली आहे ना, हे बघायला टप्पे फार उपयोगाचे असतात. एखादी गोष्ट बरीच मागे राहिली तर डॉक्टरांना लगेच दाखवावं, त्यात हयगय नको. पण आईवडील टप्पे त्यासाठी मोजत नाहीत, ते शेजारच्या मुलाशी ताडून बघतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास केला, त्यात भारतही होता. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधाराशिवाय बसणं हे चौथ्या महिन्याच्या आतबाहेरपासून नऊ महिने उलटेपर्यंत केव्हाही आढळलं. आधाराशिवाय चालणं आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. आणि शंभरातली चारएक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ही सगळी मुलं धडधाकट होती. आठ महिने आणि साडेसतरा महिने! या दोन आकड्यांमध्ये किती जागा आहे ते मी नव्या पालकांना मुद्दाम सांगते. सांगितल्यावर काहींचे खांदे खाली आलेले मला स्पष्ट दिसतात.

असेच एक वडील होते. मुलगी तेरा महिन्यांची, अजून पाऊल टाकत नव्हती. त्यांच्या भावाचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला होता, त्यामुळे घरात रोज तोच विषय. रोज दारात एकच प्रश्न, "आज चालली का?" एका संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "पाच मिनिटं आत या आणि ती काय करते आहे ते बघा." मुलगी झाकणाचा डबा घेऊन बसली होती. डब्यात लाकडी कडं टाकायची, झाकण ठेवायची, वरून हाताने दाबायची. मग थांबायची. थांबताना आमच्याकडे बघायची नाही, झाकणाकडेच बघायची, ओठ घट्ट मिटून. मग झाकण काढायची आणि कडं आत दिसलं की "हा!" असा श्वास घ्यायची. पुन्हा झाकण. मध्येच तिने कडं बाहेर काढून मांडीखाली सरकवलं, रिकाम्या डब्यावर झाकण लावलं, उघडलं, आत बघितलं आणि मांडी उचलून खाली बघितलं. कडं कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने डब्यात बघून खात्री करून घेतली. वडील पाच मिनिटांसाठी आले होते, बरेच रेंगाळले. डोळ्यांआडची वस्तू जगातून नाहीशी होत नाही, हे बाळाला शिकावं लागतं आणि साधारण आठव्या-नवव्या महिन्यात ते लपवलेली वस्तू शोधू लागतं, हे जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांकडे बघत बघत टिपलं. भॉक करण्याच्या खेळाला बाळ का खिदळतं, तेही यातूनच उमगतं. ती मुलगी त्याच्याही पुढे गेली होती. उत्तर माहीत असताना पडताळून बघत होती. आणि घरात तिच्याविषयी एकच चर्चा चालू होती, चालत नाही म्हणून.

यथावकाश ती चालली. तशी सगळीच चालतात. पहिल्या पावलाविषयी मला इथे थोडं वेगळं बोलायचं आहे. काही पाळणाघरांत अशी पद्धत असते, की मुलाने पहिलं पाऊल तिथे टाकलं तरी आईवडिलांना सांगायचं नाही, म्हणजे त्यांना ते घरी पहिल्यांदा बघितल्याचा आनंद मिळतो. त्यामागची माया मला समजते. पण मी सांगते. कामाला जाणाऱ्या आईने पहिलं पाऊल हुकलं म्हणून डोळ्यांत पाणी आणलं, तर तिला जवळ बसवून समजावते, की बाई, चालणं एका पावलात येत नाही. ते आठवडेच्या आठवडे येत असतं. आधी धरून उभं राहणं, मग धरून सरकणं, मग एक हात सोडून बघणं, मग दोन पावलं आणि धपकन खाली. तुझ्यासाठी अजून हजारो पावलं शिल्लक आहेत, आणि विसाव्या दिवसाचं पाऊल पहिल्या पावलाइतकंच बघण्यासारखं असतं. उलट जास्तच, कारण तोवर त्यात त्या मुलाची स्वतःची ढब आलेली असते. एक पोटाला पुढे करून चालतं, एक दोन्ही हात वर धरून, एक गर्रकन वळायला जाऊन बसतं.

हजारो पावलं हा शब्द मी उगाच वापरला नाही. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची खेळताना पावलं मोजली. २०१२ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. बारा ते एकोणीस महिन्यांची ही मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती, ७०१ मीटर अंतर तोडत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला सतरा वेळा पडून अठराव्यांदा उठायचं, तेही कुणी सांगितलेलं नसताना! आपण त्यातलं पहिलं पाऊल तेवढं फोनमध्ये टिपतो, तारीख घालतो, नातेवाइकांना पाठवतो आणि मग पुढचा टप्पा केव्हा, असं विचारू लागतो. पहिला दात, पहिला शब्द, पहिला वाढदिवस यांना कुणीतरी साक्षीदार असतोच, डॉक्टरांच्या फाइलमध्ये त्यांची नोंदही होते. मूल कसं होतं, ते या नोंदींच्या मधल्या दिवसांत असतं. आणि ते दिवस कुणी बघितले नाहीत तर ते कुणाकडेच राहत नाहीत.

मुलाकडेही राहत नाहीत, ही यातली मला सगळ्यात लागणारी गोष्ट. मोठ्या माणसांना आपली सगळ्यात जुनी आठवण विचारली तर ती बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीचं कोरं असतं. पहिल्या तीन वर्षांत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो, माणूस चालायला शिकतो, भाषा शिकतो, कुणाच्या कुशीत निर्धास्त व्हायचं ते ठरवतो, आणि ज्याने हे सगळं केलं त्यालाच त्यातलं काही आठवत नाही. कुशीतला तो निर्धास्तपणा आयुष्यभर आत राहतो, पण तो कसा आला याची गोष्ट त्याला सांगता येत नाही. ती गोष्ट आपल्याकडे ठेवायला दिलेली असते. मुलाने मोठेपणी "मी कशी होते?" असं विचारलं तर उत्तर देणारी माणसं दोन-चारच असतात, आणि त्यांनीही तेव्हा फक्त पुढची वाट पाहिलेली असेल तर त्यांच्याकडे सांगायला काय असणार? "तू दहाव्या महिन्यात चाललीस." बस, एवढंच.

म्हणून मी प्रत्येक मुलाची एक वही ठेवते. खाणं, झोप, औषध यांची नोंद वेगळी असते, या वहीत ते नाही. दिवसाकाठी एखादी ओळ, तीही लिहिण्यासारखं काही दिसलं तरच. माझ्याकडे लहानपणी असलेली एक मुलगी मध्यंतरी आईला घेऊन भेटायला आली. आता तिला स्वतःला बाळ होणार आहे. तिने सहज विचारलं, "मावशी, मी लहानपणी कशी होते?" मी तिची वही काढली. त्यातल्या काही ओळी तिच्या परवानगीने इथे देते.

"सावलीवर पाय द्यायला जाते. सावली सरकते. चिडली."

"आजीशी फोनवर बोलताना मान हलवून हो म्हणते. आजी पलीकडून पुन्हा पुन्हा विचारते आहे, ही पुन्हा पुन्हा मान हलवते आहे."

"दारामागे लपली, स्वतःच भॉक केलं आणि स्वतःच दचकली."

"लहान बाळ रडत होतं, त्याच्या तोंडाजवळ आपला अंगठा नेऊन धरला. चोखायला."

शेवटची ओळ ऐकून ती गप्प झाली. तिची आई म्हणाली, "सावलीचं घरीपण करायची ही. भिंतीवरच्या सावलीला चापट मारायची आणि हात लागला की माझ्याकडे यायची, फुंकर घाल म्हणून." इतक्या वर्षांत हे लेकीला तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण तसा विषयच निघाला नव्हता. मग दोघींचं जे बोलणं सुरू झालं त्यात माझं काही काम उरलं नाही.

असं टिपून ठेवणारे फार मोठे लोकही होऊन गेले. चार्ल्स डार्विनचा पहिला मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला. त्याच्या तान्हेपणाची डार्विनने रोजनिशी ठेवली आणि ३७ वर्षांनी, १८७७ मध्ये, तिच्या आधारे एक लेख लिहिला. मुलगा दहाएक आठवड्यांचा असताना त्याला जरा थंड दूध पाजलं गेलं, तर पीत असताना तो सगळा वेळ कपाळाला बारीक आठी घालून होता, एखाद्या मोठ्या माणसाला मनाविरुद्ध काम करायला लावल्यावर तो जसा दिसेल तसा. हे डार्विनने लिहून ठेवलं. हा कुठलाच टप्पा नव्हे. कुठल्याही तक्त्यात थंड दुधाच्या आठीसाठी रकाना नसतो. पण ती एक ओळ वाचली, की ते दहा आठवड्यांचं पोर डोळ्यांसमोर उभं राहतं. शास्त्रज्ञ म्हणून त्याला भावनांचा उगम शोधायचा होता हे खरंच, पण ती आठी दिसायला आधी बापाला पाळण्याशी थांबावं लागलं.

हे सगळं वाचून एखादी आई म्हणेल, मावशी, तुम्हाला संध्याकाळी मुलं परत देता येतात, आमची रात्र काढून बघा. तिचं म्हणणं मला मान्य आहे आणि त्याविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. नवजात बाळ दिवसातून चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास टिपेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर सहाव्या आठवड्यात आईला वाटतं, की आपलंच काहीतरी चुकतंय. अशा वेळी भेटायला येणारी मंडळी म्हणतात, "हे दिवस पुन्हा येत नाहीत गं, क्षणन् क्षण जगून घे." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण जिला धड अंघोळीला वेळ मिळालेला नाही, तिच्यावर क्षणन् क्षण जगण्याचं आणखी एक काम येऊन पडतं. क्षणन् क्षण कुणालाच जगता येत नाही, येऊही नये. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी सांगून ठेवलं आहे, की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई पुरते, आणि ती हळूहळू थोडी थोडी कमी पडत जाते तेही मुलाच्या वाढीला लागतंच. मीही एवढंच मागते, दिवसातून दहा-पंधरा मिनिटं. बाकीचा दिवस जसा जाईल तसा जाऊ दे.

आणि काही आयांना तीही जमत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी जगभरात सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, बहुतांशी नैराश्य. बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, सारखं रडू येतं, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, हे आठवड्या-दोन आठवड्यांत निवळलं नाही तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांकडे जावं. औषधपाण्याने आणि समुपदेशनाने तो बरा होतो. अशा आईला आनंद कसा घ्यावा याचा उपदेश कुणी करू नये. तिला सोबत घेऊन दवाखान्यात जावं.

बाळ बघायला जाणाऱ्यांनाही मला एक सांगायचं आहे. आपण काय करतो? गेलो की आईच्या हातातून बाळ घेतो. मग रिकाम्या हातांची आई आपल्या सरबराईला लागते. नऊ महिने आणि वर बाळंतपण सोसून जे बघायला मिळालं ते पाहुण्यांच्या मांडीवर, आणि आई स्वयंपाकघरात. हे उलटं करायला हवं. बाळ आईकडेच राहू द्यावं आणि आपण भांडी घासावीत, कपडे वाळत घालावेत, केर काढावा. आधीच्या भावंडाला बाहेर फिरवून आणावं. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटीमीटरवरचंच स्पष्ट दिसतं, आणि दूध पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्या अंतरावर असतो. सहा ते आठ आठवड्यांनी बाळ त्या चेहऱ्याकडे बघून ओळखीचं हसायला लागतं. तेव्हा आई तिथे निवांत बसलेली असायला हवी, इतकी सोय आजूबाजूच्यांनी करून द्यावी.

वडिलांविषयी मला फार आशा वाटते. मी सुरुवात केली तेव्हा मुलाला न्यायला वडील आले तर शेजारी बघायचे. आता रोज येतात. त्यांतले एक जण कामावरून थेट येतात, बॅग भिंतीला टेकवतात आणि मुलाला घेऊन लगेच निघण्याऐवजी तिथेच सतरंजीवर बसतात. मूल त्यांच्या पाठीवर चढतं, खिशातली पेनं काढतं, पायमोजा ओढतं. मी एकदा म्हटलं, "भाऊ, घरी जाऊन आरामात खेळा की." तर म्हणाले, "घरी गेलं की कामं अंगावर येतात, मावशी. इथे आम्ही दोघंच असतो." त्यांचं बघून आणखी दोघे-तिघे बसायला लागले. म्हणून आता मी दाराच्या आत एक जास्तीची सतरंजी कायमची अंथरून ठेवली आहे. मुलं घरी जायला किरकिर करायची, ती कमी झाली. आईवडील आले की लगेच बखोटीला धरून निघायचं नसतं, हे त्यांना कळलं असावं.

फोन मात्र तिथे मी बाहेर काढू देत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात एक प्रयोग केला होता. आई आधी बाळाशी हसूनखेळून बोलते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काही केल्या उत्तर येत नाही असं दिसलं की मान फिरवतं आणि रडतं. आई पुन्हा बोलू लागली की सावरतं. थोड्या वेळाच्या गप्पपणाने बाळाचं काही बिघडत नाही, तसं भ्यायचं कारण नाही. पण फोनमध्ये बघणाऱ्या माणसाचा चेहरा तसाच असतो, हे मी दारातून रोज बघते, आणि त्याच्या पायाशी उभं राहून पॅन्ट ओढणारं मूलही बघते. मुलाला फोन दाखवण्याविषयी तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे, दोन वर्षांच्या आत नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम. आपण स्वतः किती बघावं हे मात्र कुणी सांगत नाही.

फोटोंना माझा विरोध नाही. पण फोटोत सावलीवर चिडलेली मुलगी फक्त चिडलेली दिसते, कशावर चिडली ते येत नाही. त्यासाठी कुणीतरी आधीपासून बघत असावं लागतं आणि नंतर एक ओळ लिहावी लागते. फोटोच्या खाली लिहिली तरी चालेल. माझ्याकडच्या काही आया आता रात्री झोपण्याआधी लिहितात. एक जण कॅलेंडरच्या चौकोनात मावेल एवढंच लिहिते. दुसरी बोलून रेकॉर्ड करते, कारण एका हाताने बाळ थोपटायचं असतं. एका आईने परवा सांगितलं, "दिवसभर वैतागले होते, पण लिहायला काय सापडतंय म्हणून संध्याकाळी जरा बघत बसले, तर तो चमच्यात दिव्याचं प्रतिबिंब पकडत होता." वैताग तसाच होता म्हणाली. पण चमचाही दिसला.

यासाठी आपल्याकडे एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत एका कोपऱ्यात चार-सहा ओळींची जागा द्यावी. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी, आमच्यासारख्या सांभाळणाऱ्यांनी त्या आठवड्यात पाहिलेलं एवढंएवढंसं काही पाठवावं आणि आपण ते छापावं. मुलाचं नाव नको, फोटो नको, वयही नको, म्हणजे कुणी ताडून बघणार नाही. स्पर्धा आणि बक्षीस तर मुळीच नको. सुरुवातीला मजकूर कमी पडला तर पालकांची परवानगी घेऊन माझ्या वह्यांमधल्या ओळी मी पाठवत जाईन. एक-दोन महिने छापून बघावं. जागा वाया जात आहे असं वाटलं तर बंद करावं, माझी हरकत नसेल.

कळावे,
आपली नेहमीची वाचक
(पाळणाघर चालवणारी एक मावशी)